रतांब्यांच्या दिवसांत शिकलेला शब्द

मे अर्धा सरला की आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर कोकणातली एक बाई रतांब्यांची पाटी घेऊन बसते. शहरात रतांबे, म्हणजे कोकमाची ओली फळं, घेणार कोण? ज्याला आमसुलं हवीत तो वाण्याकडून पुडी आणतो आणि ज्याला सरबत हवं तो बाटली. मी मात्र गरज नसताना पिशवीभर घेते, घरी आणते आणि गॅलरीत बसून फोडते. बोटं लाल होतात, मग काळपट होतात आणि पुढे कित्येक दिवस कुठल्याही साबणाला दाद देत नाहीत. सून म्हणते, "आई, तयार मिळतं हो हे सगळं." मिळतं ना. पण तयार मिळतं त्याला वास नसतो, आणि मला नेमका तो वासच हवा असतो.

त्या आंबटगोड, जराशा कुबट वासासरशी एखादीला माहेर आठवेल, एखादीला सोलकढीची वाटी आठवेल. मला एक इंग्रजी शब्द आठवतो. आता याला करंटेपणा म्हणा, नाही तर जन्मभर मास्तरकी केल्याचा परिणाम म्हणा. शब्द साधाच आहे, पाचवीच्या पोरालाही ठाऊक असलेला. हॉबी.

शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा 'माय हॉबी' हा निबंध दरवर्षी ठरलेला असायचा. वर्गातली निम्मी मुलं तिकिटं जमवायची. म्हणजे निबंधात जमवायची. घरी पत्रच येत नाही अशी मुलंसुद्धा स्वीडन आणि ब्राझीलची तिकिटं जमवायची, कारण गाइडात तसं छापलेलं होतं. उरलेली मुलं बागकाम करायची, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहून. मी व्याकरण तपासायची, स्पेलिंगखाली लाल रेघ मारायची आणि मार्क द्यायची. कुणाला म्हणून खोटं पाडलं नाही. तो शब्द माझ्या वाट्याला कसा आला होता ते मला माहीत होतं ना!

आमचं गाव दिवेआगर आणि हरिहरेश्वर यांच्या मधलं. समुद्राला लागून नारळ-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या मागे घरं, घरांच्या मागे रस्ता. रस्ता म्हणायचा आपला. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत, आणि कुलाब्यातून मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीनं. श्रीवर्धनच्या बंदरावर बोट दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. मे संपता संपता बोटी बंद होत, त्या थेट श्रावणानंतर सुरू होत. मधले महिने आम्ही आपले गावात. एसटी होती, पण ओढ्याला पाणी आलं की ती अर्ध्या वाटेवरून माघारी फिरायची. त्यामुळे वैशाखाच्या शेवटी आमच्याकडे सगळ्याच गोष्टींना एक घाई असे. आमसुलं पावसाआधी सुकली पाहिजेत, लाकडं आत गेली पाहिजेत, ज्याला जायचं आहे तो शेवटच्या बोटीआधी गेला पाहिजे.

त्या वर्षी जायचं होतं मला.

श्रीवर्धनला मावशीकडे राहून मी मॅट्रिकची परीक्षा देऊन आले होते. निकाल लागायचा होता. मुंबईला माझे काका एका कचेरीत होते. त्यांचं पत्र आलं, की मुलींसाठी एक वसतिगृह आहे, तिथे निवड झाली तर राहणं-जेवण आणि कॉलेजची फी सगळं तेच बघतात. मुलाखत जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ती इंग्रजीतून. शेवटी काकांनी लिहिलं होतं, "हॉबी कोणती हे हमखास विचारतात. तेवढी तयारी करून आणणे."

निवड झाली नाही तर काय हेही ठरलेलं होतं. म्हसळ्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. माणसं चांगली होती, भातशेती होती, मुलगाही धडधाकट. तुळशीची लग्नं लागली की माझंही लागलं असतं. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त मला कॉलेजात जायचं होतं, फार जायचं होतं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र ऐकलं आणि विचारलं, "हाबी म्हंजे काय गो?"

मॅट्रिकला बसलेल्या मुलीला हे सांगता आलं पाहिजे होतं. मी म्हटलं, "छंद."

झालं! आमच्या गावात छंद चांगल्या माणसाला नसे. छंदीफंदी म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या आळीत एकाला तमाशाचा छंद होता, त्यात त्याची वाडी गेली होती. अण्णांनी नुसती भुवई वर केली आणि पंचा खांद्यावर टाकून वाडीच्या शिंपण्याला निघून गेले.

मग आईनं नानांना बोलावलं. नाना आमच्याच आळीतले. जन्मभर मुंबईत गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त होऊन गावी आले होते. साहेब गेला, देश स्वतंत्र झाला, पण नानांचं इंग्रजी काही स्वतंत्र झालं नव्हतं. ते अजून साहेबाच्याच हुकमात चालायचं. नाना रोज सकाळी ओटीवर येऊन बसत, आणि खाली अंगणात आई नि मी रतांबे फोडत असू. बिया आणि गर एका पिंपात, सालं चटईवर. सालं उन्हात सुकली की बियांच्या मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि पुन्हा उन्हात टाकायची. असं पुटावर पूट चढवत न्यायचं, म्हणजे आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. अशा रीतीनं त्या वर्षी एका बाजूला सालांवर आणि एका बाजूला माझ्यावर पुटं चढत होती.

"हॉबी म्हणजे," नाना म्हणाले, "जी गोष्ट कुणी सांगितल्याशिवाय करावी, जिच्यातून काही मिळत नाही, आणि तरी करावीशी वाटते ती."

"कीर्तनात बुवा सांगतात ते निष्काम कर्म तेच का हो?" आईनं विचारलं.

नाना गडबडले. "तसं नव्हे वहिनी. त्यात कर्तव्य आलं. हॉबीत कर्तव्य नसतं."

"मग तुमची तंबाखू?"

"ती हॅबिट. सवय. ती सोडवत नाही म्हणून करतो. हॉबी आवडते म्हणून करतात." नानांनी एवढं सांगून तंबाखू मळायला घेतली. मी मनात वाक्य घोळवत होते. आय डू हॉबी म्हणायचं नाही. माय हॉबी इज, आणि मग पुढे काय ते. ते पुढचं काय हीच तर पंचाईत होती.

नानांना साहेबलोकांच्या हॉब्या पाठ होत्या. पहिली सांगितली ती बागकाम. तेवढ्यात अण्णा रहाट सोडून बैलाला पाणी दाखवून आले होते. सकाळपासून त्यांनी पाटापाटानं पाणी नेऊन प्रत्येक पोफळीचं आळं भरलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी नानांचं बोलणं ऐकलं नि म्हणाले, "मंग मी काय करून आलो?"

नाना म्हणाले, "तुमचं ते काम."

"आनि सायेब करील ती हाबी?"

"साहेबाचं पोट त्याच्यावर नसतं ना, अण्णा."

मासेमारी सांगितली. तेव्हा दारात भिकीबाय कोळीण पाटी उतरवून बसली होती. ती म्हणाली, "माझा घोव मंग रोज पहाटं हाबी करतो म्हना की!" आणि अशी हसली की आईलाही हसू आवरेना. शंख-शिंपले गोळा करणं सांगितलं, तर आमच्याकडे शिंपले गोळा करत ती चुना भाजणारी माणसं, आणि त्यांच्या पोरांच्या पायांना कायम चिरा पडलेल्या असत. होडी वल्हवणं सांगितलं. रांधणं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "मग मला रोज दोन वेळा हॉबी होते." लांबवर पायी फिरणं सांगितलं, तर भिकीबायनं आपले तळवे वर करून दाखवले.

मला आठवतं, मी फोडायचं थांबून सगळ्यांकडे बघत राहिले होते. नानांच्या यादीतलं जे जे होतं ते ते सगळं आमच्या गावात रोज चाललेलं होतं. फक्त ते पोटासाठी होतं. पुस्तकातली माणसं सुट्टीच्या दिवशी मौजेनं जे करत ते करून इथली माणसं संध्याकाळी पाठ टेकत. मला तेव्हा राग आला, आणि कुणाचा ते कळेना. शब्दाचा राग कसा धरायचा? पण धरला होता. पुढे कितीतरी वर्षांनी वर्गात तो फळ्यावर लिहिताना खडू थोडा जोरात दाबला जायचा.

शेवटी वाचन ठरलं. तेही खरं म्हणावं तर अर्धं खरं. घरात पोथ्या होत्या आणि गुळाच्या ढेपेला गुंडाळून आलेली वर्तमानपत्रं होती. ती मी सुरकुत्या काढून वाचायची, अर्धवट राहिलेली बातमी पुढच्या ढेपेत सापडेल म्हणून वाट बघायची. नाना म्हणाले, "रीडिंग. उत्तम. कुणी शंका घेत नाही."

त्या दिवसांतल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. जेवणं झाली की सगळी आळी आडवी व्हायची. वारा पडलेला, समुद्राचा आवाजसुद्धा लांब गेलेला. चटयांवर आमसुलं तापत पडलेली आणि त्यांच्यावर माश्या. वाडीत अंधारगार सावली. दगडी गडग्याजवळच्या उंबरावर तांबट पक्षी बसायचा आणि कासाराच्या हातोडीसारखा एका लयीत सुरू व्हायचा. टुक, टुक, टुक. थोड्या वेळानं विहिरीकडून दुसरा तांबट त्याला जबाब द्यायचा. मग दोघांची जुंपायची. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की पहिला, कधी दोघे एकदम. लहानपणापासून मी त्या दोघांना ऐकत झोपी गेले होते. उंबरावरचा जरा उतावळा आणि विहिरीवरचा समजूतदार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या बोटीला थोडेच दिवस राहिले आणि बातमी फुटली. मुंबईला पोरींना उभं करून विचारतात, तुला नाद कसला आहे! कुणी पसरवली माहीत नाही, पण म्हसळ्यापर्यंत पोचली. तिकडून निरोप आला, मुलीला मुंबईला धाडणार असाल तर आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल.

त्या सकाळी नाना ओटीवर होते, भिकीबाय दारात होती, मी पिंपाशी. अण्णा वाडीतून आले ते उभ्याउभ्याच म्हणाले, "नाना, शिकवनी पुरे. पोर जायाची न्हाय."

नानांनी समजूत घालायला सुरुवात केली. अण्णांनी ऐकून घेतलं. आमच्या अण्णांचा आवाज कधी चढत नसे, तो उलट खाली जायचा. "नादाचं मी मनावर घेत न्हाय," ते म्हणाले. "लोक बोलतात, बोलूंदे. पन ह्या घरात कुनाला हाबी न्हाय, नाना. काम हाय. बापाला हाय, आईला हाय. करतो, दमतो, झोपतो. जिथं पोरीला इचारतात का बिनकामाचं तुला काय येतं, तिथं आमच्यातलं कोन बसनार? खोटं सांगून बसायाचं? तसली जागा आपली नव्हं."

मी रतांबे फोडत राहिले. मध्ये बोलायची पद्धत नव्हती. ते चुकीचं बोलत होते असंही मला म्हणता येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की बोट जाणार आणि मी अंगणात असणार.

आई सालं पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग दुपारचं विहिरीवर बसून तांबटाला जबाब देता, ते कुठल्या कामात धरायचं?"

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. मी अण्णांकडे पाहिलं. उन्हानं रापलेला माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला स्पष्ट दिसल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विहिरीवर दुसरा तांबट नव्हताच. कधीच नव्हता.

"आत्ता गो बाय!" भिकीबाय ओरडली. "अन्ना, तो तुमी? मी म्हनतंय, तांबटाचा जोडा हाय हितं!"

नाना खो खो हसायला लागले. "अण्णा, अहो हीच हॉबी! अगदी चोख! डिक्शनरीत घालावी अशी!"

अण्णांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. कोपऱ्यातली कोयती उचलली आणि वाडीत गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि आईला म्हणाले, "उद्या श्रीवर्धनला जातो. तिची नि सोबतीला नानांची तिकिटं काढून आनतो." अण्णा खोटं बोलत नसत. घरात कुणाला हॉबी नाही, हे वाक्य त्यांना पुन्हा म्हणता येणार नव्हतं, आणि त्यांची सगळी हरकत त्या वाक्यावर उभी होती.

मला झालेला आनंद सांगता येणार नाही. मी रात्रभर ट्रंक भरत होते आणि उपसत होते. अण्णा तिकिटं घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहीर दिसेल अशा बेतानं पोफळीच्या सावलीत आडवी झाले. उंबरावर तांबट सुरू झाला. टुक, टुक, टुक. मी जबाबाची वाट बघत राहिले. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. विहिरीकडून काही आलं नाही. मला वाटलं, बोटीच्या गडबडीत अण्णांना वेळ नसेल. पण रहाटाच्या ओट्यावर त्यांची पाठ दिसत होती. ते नुसते बसले होते.

बंदरावर ते सोडायला आले. पडावात बसताना त्यांनी माझ्या हातात आमसुलांची पुरचुंडी दिली आणि म्हणाले, "इचारलं तर घाबरायाचं न्हाय. जे हाय ते सांगायाचं." पडाव सुटला. किनाऱ्यावरून कुणी तरी ओळखीचं ओरडलं, "अन्ना, तांबटाला रामराम सांगा!" आणि पाचसहा माणसं हसली. अण्णा पण हसले. लोकांबरोबर हसावं लागतं तसं.

मुलाखतीत तीन बायका होत्या. त्यातल्या मधल्या, चष्मा लावलेल्या बाईंनी काकांनी सांगितलं होतं तसं हमखास विचारलंच. मी म्हटलं, "माय हॉबी इज रीडिंग." त्यांनी विचारलं, शेवटचं काय वाचलं? मी जे हाय ते सांगितलं, म्हणजे गुळाच्या ढेपेचा कागद, आणि त्यातली बातमी अर्धी राहिल्याचंही सांगितलं. इंग्रजी फाटकं होतं, पण त्यांना कळलं. तिघी हसल्या आणि मग मधल्या बाईंनी हळूच विचारलं, "घरी सगळे मोकळ्या वेळात काय करतात?" तांबट माझ्या अगदी ओठांवर आला होता. सांगितला असता तर बायका खूश झाल्या असत्या हे मला दिसत होतं. मी गिळला. म्हटलं, "देअर इज नो फ्री टाइम, मॅडम." माझी निवड झाली.

आता इतक्या वर्षांनी कुणी मला या शब्दाचा नीट उपयोग विचारला तर मी काय सांगेन? कोशात दिलेला अर्थ नानांनी सांगितला त्याहून वेगळा नाही. रिकाम्या वेळी, आवडीनं, मोबदल्याशिवाय. पण आमच्या विहिरीवर जे चालायचं ते या शब्दाच्या मापाचं होतं का, याची मला शंका आहे. त्याला नाव नव्हतं म्हणून ते होतं. अण्णांनी स्वतःलाही कधी सांगितलं नसेल की आपण हे करतो. बैल सोडला, पाठ टेकली, पाखरू बोललं, आपण बोललो. ते आपलं आहे हे कळायलासुद्धा दुसऱ्या कुणी बघितलेलं लागतं, आणि बघितलं की ते तसं राहत नाही. शब्दकोशात हे सापडत नाही. मी वर्गात हे कधी शिकवलं नाही. शिकवण्यासारखं नव्हतं.

वर्षभर गावानं अण्णांना सोडलं नाही. गावाला तरी दुसरी करमणूक कुठली! बाजारात गेले की, "काय अन्ना, हाबी काय म्हनते?" पोरं गडग्याआडून टुक टुक करून पळायची. नाना तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कुणाच्याच नव्हतं. पण मी दिवाळीला घरी आले तेव्हा आई मला चुलीशी बसवून म्हणाली, "तुझं झालं. त्यांचं गेलं गो." तिनं डोळ्याला पदर लावला नाही, भाकरी थापत राहिली. म्हणाली, "दुसरं काय बोलले असते तरी चाललं असतं. माझ्या तोंडात तेच आलं."

पुढच्या मे महिन्यात मी सुट्टीला आले. कॉलेजचं एक वर्ष झालं होतं, दोन वेण्यांची एक झाली होती, आणि इंग्रजी इतकं सुधारलं होतं की नाना माझ्याशी बोलताना जरा जपून बोलायचे. बाकी सगळं तेच. अंगणात चटया, पिंपात रस, आईचे नि माझे हात लाल. दुपार झाली की उंबरावर तांबट बसायचा आणि एकटाच ठोकत राहायचा. मध्येच थांबायचा. मला वाटायचं, तोही कान देत असेल. विहिरीकडे अण्णा रहाटाला टेकून डोळे मिटून पडलेले असत. झोपलेले नसत, हे आईलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी सुट्टीचे दिवस मोजत नव्हते, पण प्रत्येक दुपार मात्र मला जड जायची.

एका दुपारी आम्ही दोघीच अंगणात होतो. तांबट नेहमीसारखा सुरू झाला आणि नेहमीसारखा थांबला. आईनं पिंपातून हात वर काढला, आळीत कुणी नाही ना म्हणून इकडे तिकडे पाहिलं, आणि वाडीकडे तोंड करून म्हणाली, "कुक्, कुक्, कुक्."

इतकं वाईट! कोंबडीला उचकी लागावी तसं. माझी आई, जिनं कधी देवाची आरतीसुद्धा मोठ्यानं म्हटली नाही. तिचं तोंड लाजेनं लाल झालं होतं. पण तिनं पुन्हा केलं, जरा मोठ्यानं. उंबरावर एकदम सामसूम झाली. मला हसायला येत होतं आणि मी हसले नाही, कारण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. तिनं तिसऱ्यांदा केलं.

विहिरीकडून अण्णांचा आवाज आला. खालचाच, पण आता त्यात वैताग होता.

"अगो, असं न्हाय. पाखरू पळंल. घशातून न्हाय, व्हट मिटून."

"मला नाही जमत," आई म्हणाली. "कसं ते दाखवा."

पोफळींच्या शेंड्यात वारा आला आणि गेला. आई दोन्ही लाल हात पिंपावर धरून तशीच उभी होती. मग विहिरीकडून अगदी हळू आलं. टुक. पुन्हा थांबलं. टुक, टुक. उंबरावरचा उतावळा क्षणभर गप्प राहिला आणि मग इतक्या घाईनं ओरडत सुटला की त्याची लयच चुकली.

आईनं मनगटानं डोळे पुसले, कपाळाला रस लागला. मला म्हणाली, "आत जा तू. ऐकत उभी राहू नको."

मी आत गेले आणि दार ओढून घेतलं.